थोरलीच्या गालावरचा तीळ

जुळ्यांमध्ये थोरली-धाकटी ठरवायला असा किती वेळ लागतो? सुईणीने एकीला पुसून कपड्यात गुंडाळलं, तेवढ्यात दुसरी आली. एवढ्यावर एक जण जन्मभरासाठी थोरली झाली आणि दुसरी जन्मभर धाकटी राहिली. थोरलीने समजून घ्यायचं, धाकटीने रुसायचं. थोरलीने भांडी आवरायची, ती आवरत असताना धाकटीने गप्पा मारायच्या. ही वाटणी कुणी बसून केली नव्हती. ती आपोआप पडत गेली, आणि अशा वाटणीवरून पुढे कुणाशी भांडायचीही सोय राहत नाही.

दोघींचा चेहरा एक, उंची एक, आवाजसुद्धा एक. वडिलांनी तर केव्हाच हात टेकले होते. समोर येईल तिला "तुम्ही दोघी" म्हणूनच बोलायचे. आई मात्र कधी फसली नाही. थोरलीच्या डाव्या गालावर, नाकपुडीपासून बोटभर अंतरावर, जन्मापासून एक तीळ होता. आई तिथे अंगठा फिरवायची. दिवे गेलेले असोत, मुली पांघरुणात तोंड खुपसून झोपलेल्या असोत, अंगठ्याला तीळ लागला की ही थोरली, गाल गुळगुळीत लागला की ही धाकटी. एकीचं औषध दुसरीच्या पोटात कधी गेलं नाही. मुली वाढल्या तसा तीळही वाढला, मसुराच्या दाण्याएवढा फुगीर झाला, त्यातून एक राठ केस निघाला. आता तो लांबूनही दिसायचा, पण आईच्या अंगठ्याची सवय काही गेली नाही.

पुढे धाकटी लग्न करून दूरच्या शहरात गेली आणि थोरलीचं राहून गेलं. का राहून गेलं, याला तसं काही कारण नव्हतं. नातेवाइकांना मात्र कारणाशिवाय चैन पडत नाही. चेहरा तोच, वळण तेच, मग फरक कशाचा? सगळ्यांनी मिळून खापर तिळावर फोडलं. एक आत्या तर येता-जाता म्हणायची, "तेवढा काढून टाका, मग बघा कशी रांग लागते." थोरलीने ते कधी मनावर घेतलं नाही. तिला तो तीळ आवडायचाही नाही आणि खुपायचाही नाही. माणसाला कोपर असतं, तसा तिला तीळ होता.

ती रफूचं काम करायची. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या मागे तिची खोली होती. खोली कसली, बोळच तो. एका बाजूला वाफेच्या इस्त्रीचा फुसफुसाट, दुसऱ्या बाजूला पोलिथिनमध्ये टांगलेले कोट, आणि मध्ये तिचं टेबल, वाकवता येणारा दिवा, भिंग आणि कापड ताणून धरायला एक लाकडी गोळा. कसर लागलेले कोट, खिळ्यात अडकून फाटलेल्या पॅन्ट्स, सिगारेटचं भोक पडलेले सूट तिच्याकडे यायचे. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून दोरे ओढून काढायचे आणि एकेक उभा, एकेक आडवा विणत भोक बुजवायचं. झालं की डोळे मिटून त्यावर बोटाची पाठ फिरवायची. बोट कुठे अडखळलं नाही, तर काम जमलं. गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून विचारायचं, "भोक नक्की कुठे होतं हो?" यापेक्षा मोठी शाबासकी त्या धंद्यात नाही. म्हणजे काम जितकं चांगलं, तितकी ते करणारीची कुणाला आठवण राहायची नाही. थोरलीला त्याचं वाईट वाटत नसे. तिला सवय होती.

तर अशी ती अठ्ठावन्न वर्षांची झाली आणि आई ऐंशीच्या पलीकडे गेली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईच्या डोळ्यांसमोर आता सगळं धुरकट होतं. माणूस आला एवढं कळायचं, कोण आला ते नाही. आणि डोक्यातलंही जागच्या जागी राहत नव्हतं. कालचं आठवायचं नाही, पन्नास वर्षांपूर्वीचं मात्र लख्ख. दिवसभर शेजारच्या काकू येऊन-जाऊन बघायच्या, संध्याकाळी थोरली दुकानातून आली की तिचा ताबा.

आणि धाकटी नव्हती. तीन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या आजारात ती गेली. थोरली पोहोचली तोवर सगळं आटोपलं होतं. मेहुण्यांनी तिला दारात पाहिलं आणि ते किंचाळलेच, मग तीळ दिसल्यावर भानावर येऊन रडू लागले. थोरलीला स्वतःला रडायला तिथे जागाच मिळाली नाही, कारण जो तो तिच्याकडे बघून रडत होता. घरी परतून तिने आईला सांगितलं. आई ऊर फुटेपर्यंत रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून म्हणाली, "धाकटी कधी येणार गं?"

थोरलीने पुन्हा सांगितलं. आई पुन्हा रडली, अगदी पहिल्यांदाच कळल्यासारखी. असं काही दिवस चाललं. मग थोरलीनेच हात जोडले. म्हातारीला रोज नव्याने लेक गमवायला लावायची, हा कुठला खरेपणा? ती "येईल" म्हणू लागली. "येईल, कळवलंय तिने." "येईल, कामं आटोपली की येईल."

मग रोज संध्याकाळी एक खेळ सुरू झाला. थोरली कुलूप काढून आत यायची. पलंगावरून आईचा आवाज यायचा, "धाकटी का?" आवाजात एवढी आशा असायची की थोरलीचं पाऊल उंबऱ्याशीच अडायचं. ती जवळ जाऊन वाकायची. आईचा हात वर यायचा, गाल शोधायचा, अंगठा तिळावर यायचा. आणि हात खाली पडायचा.

"तू होय," आई म्हणायची.

त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. दारावर पाहुण्यांची टकटक समजून धावत जावं आणि वाऱ्याने कडी वाजलेली असावी, तेव्हा माणूस जसं म्हणेल तसं ती म्हणायची. थोरली म्हणायची, "हो, मीच." मग दूध गरम करायला जायची. पण ते "तू होय" रोज थोडं थोडं साचत गेलं. कुणी शिवी दिली असती तर तिला भांडता आलं असतं. या दोन शब्दांवर काय भांडणार?

तीळ काढायचा विचार तिच्या डोक्यात कधी आला ते तिलाही सांगता आलं नसतं. एका संध्याकाळी अंगठा तिळापर्यंत पोहोचायच्या आधीच तिने मान किंचित वळवली. अंगठा गालाच्या मोकळ्या भागावर पडला, आणि आईच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उजळलं. मग अंगठा सरकला, तीळ सापडला, उजेड गेला. तेवढा एक क्षण थोरलीने पाहिला आणि तिचं मन तिथेच अडकून बसलं. आपण आईला तिची लेक परत देऊ, असं तिने मनाशी म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्याच्या पोटात आणखी एक होतं: आपली वाट बघणारं माणूस दार उघडल्यावर कसं दिसतं, ते तिला एकदा तरी बघायचं होतं. वाट दुसऱ्या कुणाची का असेना.

"काढायचाच असेल तर दोरा बांध," काकू म्हणाल्या. काकूंकडे प्रत्येक दुखण्याचं उत्तर तयार असायचं. "माझ्या जावेने बांधला होता. घट्ट गाठ मारायची, आपोआप वाळून पडतो. घोड्याचा केस मिळाला तर उत्तमच."

"घोडा कुठून आणू काकू?"

"तेही खरं. मग बाजारात ते काळं मलम मिळतं बघ. लावलं की जळून जातो."

"आणि गाल?"

"गालाचं मी नाही विचारलं," काकू प्रामाणिकपणे म्हणाल्या. "जावेचा तीळ मानेवर होता. आणि तो पुन्हा आला म्हणा."

दुकानाच्या मालकांकडे तिने अर्ध्या दिवसाची रजा मागितली. तीळ काढायचाय म्हटल्यावर ते चष्म्यावरून बघत राहिले. "आत्ता? एवढ्या वर्षांनी? कुठे मुलाखत-बिलाखत आहे की काय बाई?" ती म्हणाली, चष्मा टेकतो तिळावर. मालकांनी तिच्या चष्म्याकडे पाहिलं, तिळाकडे पाहिलं, दोघांत चांगलं बोटभर अंतर पाहिलं, आणि रजा देऊन टाकली.

चामडीच्या डॉक्टर तरुण होत्या, हात गार आणि बोलणं सावकाश. त्यांनी दिवा असलेलं भिंग तिळावर टेकवलं आणि बराच वेळ पाहिलं. वाढतोय का, रंग बदललाय का, कधी रक्त आलंय का, सगळं विचारलं.

"साधा तीळ आहे, ताई. जन्मभर ठेवलात तरी काही करणार नाही. त्रास होतो का याचा?"

"चष्मा टेकतो."

डॉक्टरांनीही चष्म्याकडे पाहिलं. कागद पुढे ओढून त्यांनी चामडीचं उभं चित्र काढलं, वर टेकडीसारखा तीळ आणि खाली त्याची मुळं.

"लेझरबद्दल सगळे विचारतात, म्हणून तेच आधी सांगते. सपाट, वरवरचा डाग असेल तर लेझर चांगलं. तुमचा उंच आहे आणि खोल गेलाय. लेझर वरचा रंग घालवेल, उंचवटा तसाच राहील. शिवाय त्यात सगळं जळून जातं, तपासणीला काही उरत नाही. मला काढलेला तुकडा तपासायला पाठवलेला आवडतो, साधा दिसला तरी."

"गोठवून काढतात म्हणे."

"ते चामखिळीला. तिळाला मी नाही करत. पांढरा डाग राहतो." त्यांनी चित्रावर एक आडवी रेघ मारली. "हा एक मार्ग. बधिर करायचं आणि पातळ ब्लेडने गालाच्या बरोबरीला तासून घ्यायचं. टाके नाहीत. खपली धरते, पडते, खाली गुलाबी चामडी येते, ती हळूहळू रंग धरते. पण मुळं खाली राहतात. कधी कधी पुन्हा काळसर ठिपका उमटतो. आणि तुमच्या तिळात केस आहे, तो परत येऊ शकतो."

"आणि दुसरा?"

"मुळापासून कापायचं." त्यांनी तिळाभोवती डोळ्याच्या आकाराचा घेर काढला. "मुळं, केस सगळं जातं. पण मग टाके येतात. तीळ एवढासा असला तरी रेघ त्याच्या तिप्पट लांब पडते, नाहीतर कडा नीट जुळत नाहीत. गालाच्या घडीशी लपवली तर वर्षभरात दिसणार पण नाही. तिसरा मार्ग तारेचा. विजेवर चालणारी बारीक तार असते, तिने थर थर करून उतरवायचं. काम सफाईचं होतं, पण हात जरा खोल गेला तर खळगा राहतो."

थोरलीने चित्राकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "आणि बोटाला?"

"म्हणजे?"

"डोळ्यांना काय दिसेल ते तुम्ही सांगितलंत. डोळे मिटून अंगठा फिरवला तर काय लागेल?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. पण त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही. त्या विचार करून बोलल्या, "टाक्यांची रेघ बरेच महिने कडक लागेल. आतली शिवण विरघळेपर्यंत तर नक्कीच. वर्षभराने मऊ पडते. तासलेलं त्या मानाने लवकर सपाट लागेल, पण केस आला तर तो टोचेल. आणि तारेचा खळगा राहिला, तर तो बोटाला पहिला कळेल."

"आपल्याच कापडातले दोरे घेऊन भरता येत नाही का?" थोरली बोलून गेली. मग तिने आपला धंदा सांगितला.

डॉक्टर हसल्या. "चामडी स्वतःच भरते, ताई. पण तिला आपली मूळ वीण आठवत नाही. ती घाईत भरते, जाड दोऱ्याने. म्हणून व्रण उठतो. मी तिला फार तर कमीत कमी काम पडेल असं बघू शकते."

हे थोरलीला पटलं. वर्षभर थांबायला आईकडे वर्ष होतं की नाही कुणास ठाऊक. शेवटी असं ठरलं: ब्लेडने तासायचं, कडा तारेने हलक्या हाताने मिळवायच्या, आणि केसाच्या मुळात बारीक सुई घालून तेवढंच जाळायचं. ठिपका परत उमटला तर उमटला. आई ठिपका बघणार नव्हती.

काम चहा थंड व्हायच्या आत उरकलं. बधिर करायच्या सुईची आग तेवढी जाणवली, मग गाल दुसऱ्याच कुणाचा झाला. जळक्या केसाचा वास आला. डॉक्टरांनी काढलेला तुकडा एका छोट्या बाटलीत टाकून तिला दाखवला. एवढासा. याच्यावर आत्याने एक अख्खं लग्न राहून गेल्याचं खापर फोडलं होतं.

खपली खरवडायची नाही, मलम लावायचं, उन्हात जाताना गाल झाकायचा. हे सगळं तिने नीट पाळलं. पट्टी होती तेव्हा आईचा अंगठा पट्टीवर यायचा. "काय झालं?" "खरचटलं." "तू होय," आई म्हणायची. पट्टी म्हणजे तिच्या लेखी थोरलीच. धाकटीला कधी काही खरचटायचं नाही. तुकड्याची तपासणी आली, त्यात काळजीचं काही निघालं नाही. खपली पडली. खालची चामडी आधी गुलाबी होती, मग निवळत गेली. थोरली रोज डोळे मिटून त्यावरून बोटाची पाठ फिरवायची. सुरुवातीला एक कड अडायची. मग एके दिवशी अडली नाही.

त्या दिवशी ती आरशापुढे केस विंचरत होती आणि तिचा हात थांबला. समोर धाकटी उभी होती. थोडी म्हातारी झालेली, थोडी दमलेली, पण धाकटीच. तीन वर्षांत तिच्यासाठी नीट रडायला थोरलीला सवड झाली नव्हती. कधी आईला सावरायचं, कधी मेहुण्यांना. ती तिथेच स्टुलावर बसली आणि आरशातली धाकटी रडताना बघत पोटभर रडली. मग तोंड धुऊन कामाला गेली. मालक म्हणाले, "काहीतरी वेगळं दिसतंय बाई. केस कापले का?"

संध्याकाळी तिने कुलूप काढलं. "धाकटी का?" आतून आवाज आला. ती जवळ जाऊन वाकली. हात वर आला, गाल सापडला. अंगठा एकदा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. सगळीकडे चाचपला.

"धाकटे!" आई म्हणाली, आणि उठून बसायला लागली. दुसऱ्याच्या आधाराशिवाय कूस न बदलणारी म्हातारी कोपरावर जोर देऊन उठायला लागली. "किती उशीर केलास गं. किती वाट बघायला लावतेस." तिने दोन्ही हातांनी तो चेहरा धरला, छातीशी ओढला, केसांवरून हात फिरवला. थोरली अर्धवट वाकलेली, एक गुडघा पलंगावर, पाठीला रग लागली तरी तशीच राहिली. एवढं घट्ट तिला आईने कधी धरलं होतं ते तिला आठवेना.

पुढचे दिवस सुखाचे होते, असं म्हणायला हवं. आई जेवू लागली. कुणाकुणाची नावं काढून हसू लागली. धाकटीच्या शाळेतल्या गमती सांगायची, त्यातल्या निम्म्या थोरलीच्या होत्या, पण तिने कधी टोकलं नाही. काकू दारात उभ्या राहून बघायच्या आणि पदराने नव्हे, बाहीने डोळे पुसायच्या, कारण हातात नेहमी काहीतरी असायचं. "पुण्याचं काम केलंस," त्या म्हणाल्या. "दोरा बांधला असतास तर एवढं साफ झालं नसतं."

थोरली मात्र आपल्या नकळत कान देऊन बसू लागली. घरात धाकटी आली, म्हणजे थोरली दिसेनाशी झाली. सकाळी दूध देणारी धाकटी, अंग पुसणारी धाकटी, औषध देणारी धाकटी. रोज उठून सगळं करणारी दुसरी एक मुलगी या घरातून नाहीशी झाली होती, आणि आईने एकदाही विचारलं नव्हतं की ती कुठे गेली. आज विचारेल, उद्या विचारेल, असं करत थोरली थांबली. धाकटी नसताना दिवसातून दहादा धाकटीचं नाव निघायचं. थोरली नाही, तर थोरलीचं नाव नाही. हा हिशेब मांडू नये, हे तिला कळत होतं. आई आजारी आहे, तिला काय कळतंय, हेही ती स्वतःला बजावायची. तरी कामावर कोटाचं भोक विणता विणता तिचे डोळे भरायचे आणि भिंगातून दोरे दिसेनासे व्हायचे.

एका सुटीच्या दुपारी तिला राहवलं नाही. आईच्या डोक्याला तेल लावता लावता ती शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली, "आई, थोरलीची आठवण येते का गं?"

"तिची कशाला आठवण काढायची?" आई म्हणाली. "ती कुठे गेलीय? असेल आत. ती असतेच."

थोरलीचा हात आईच्या डोक्यावर थांबला. यावर रडावं की हसावं, तिला कळेना. इतके दिवस ती ज्याची वाट बघत होती ते हेच होतं की याच्या अगदी उलट, हेही तिला ठरवता येईना. ती तेल लावत राहिली.

थोड्या वेळाने आई कळवळली. तिच्या पोटरीत गोळा आला होता. हा जुना त्रास. थंडी पडली की यायचा. थोरलीने झटकन पांघरूण बाजूला केलं, पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने पोटरी दाबायला सुरुवात केली, वरून खाली, नेहमीसारखी.

"नको, नको," आई पाय ओढू लागली. "तुला नाही जमायचं. तुझा हात लागला की जास्त दुखतं. थोरलीला बोलव."

"आई, थांब, दाबते नीट."

"तिचा हात वेगळा आहे. तिला बरोबर माहीत आहे कुठे दाबायचं ते. बोलव तिला."

"आई," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "आई, मीच थोरली. मीच आहे. हे बघ."

ती वाकली. आईचा हात वर आला. अंगठा डाव्या गालावर टेकला, नाकपुडीपासून बोटभर अंतरावर, आणि फिरला. गाल गुळगुळीत होता. डॉक्टरांनी काम खरंच सफाईचं केलं होतं.

आईने गालावर हलकीशी चापट मारली. "पुरे झाली थट्टा. लहान होतीस तेव्हापासून तुझी हीच खोड, तिच्या नावावर खपायची. मी कधी फसले का? जा, बोलव तिला. पाय तुटतोय माझा."

"आई, खरंच गं..."

"जा म्हणते ना!" आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "आत असेल ती. तुला ऐकू येते ना तिची हाक? मग तिलाही तुझी ऐकू जाईल. हाक मार."

थोरली उठली. पाय हळूच गादीवर ठेवून तिने पांघरूण सारखं केलं आणि ती आतल्या खोलीच्या दारात गेली. खोलीत एक कपाट होतं, इस्त्रीचा ढीग होता, खिडकीतून ऊन आलं होतं.

"थोरले," तिने हाक मारली.

पलंगावर आई कण्हत होती, पण कान इकडेच होते. "मोठ्याने मार. कामात असली की तिला ऐकू येत नाही."

"थोरले," तिने मोठ्याने हाक मारली. "ए थोरले, आई बोलावतेय गं."